मेले म्हणजे वर

वणवा दुरून फार देखणा दिसतो. फाल्गुनातल्या काळोख्या रात्री खानापूरच्या पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलं, तर एखाद्या डोंगराच्या अंगावर तांबूस, नागमोडी रेघ हळूहळू वर सरकताना दिसते. शहरातून सुटीला आलेली पाहुणेमंडळी "काय सुंदर दिसतंय हो!" म्हणतात आणि आपण उगीच मान डोलावतो. त्या रेघेखाली काय काय जळतंय आणि तिच्यापुढे काय काय पळतंय, हे अंगणातून दिसत नाही. आपल्या पुराणांनीही वणवा देवादिकांच्या हाती सोपवून टाकला आहे. खांडववन देऊन अग्नीची भूक भागवली ती कृष्णार्जुनांनी, आणि गोकुळावर आलेला दावानल गिळला तो श्रीकृष्णाने. आमच्या भागात मात्र वणवा गिळायला श्रीकृष्ण येत नाही. येतात ती गावातलीच वीस-बावीस वर्षांची पोरं, हातात हिरवी डहाळी आणि पायात स्लीपर घालून.

या पोरांना वणव्याची मुळाक्षरं शिकवण्याच्या कामात मी योगायोगाने ओढला गेलो. मी जन्मभर प्राथमिक शाळेचा मास्तर. आगीशी माझा संबंध शाळेतल्या माध्यान्ह आहाराच्या चुलीपुरता. पण २०२३ च्या मार्चमध्ये आमच्या घाटमाथ्याच्या पलीकडे, गोव्याच्या म्हादई अभयारण्यात वणवे पेटले. ते विझवायला नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. चोर्ल्याच्या वाटेवरून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडी तेव्हा दुसरा विषय नव्हता. पुढच्या जानेवारीत आमच्या गावी हंगामी आग-पहारेकरी आणि तरुण मंडळाची पोरं यांच्यासाठी दोन दिवसांचा वर्ग ठरला. शिकवायला आलेले वनपाल शिमोग्याकडचे, मलनाडातले, अस्सल कानडी. आमची पोरं मराठी शाळेतली. कानडी त्यांना येतं, पण बाजारापुरतं आणि बसस्टँडपुरतं. वनपालांनाही मराठी येत होतं, पण तेही 'बसा, जेवा'पुरतं. तेव्हा दोघांच्या मध्ये दुभाष्याची खुर्ची मला मिळाली.

पहिल्या तासाला वनपालांनी खिशातून काड्यापेटी काढली. एक काडी पेटवून गुल वर ठेवून उभी धरली. ज्योत टोकाशी जरा वेळ रेंगाळली, खाली उतरायला कुरकुरली आणि विझून गेली. दुसरी काडी पेटवली आणि गुल खाली करून धरली. ज्योत सरसर वर चढली. बोटं भाजायच्या आत त्यांनी काडी टाकून दिली. "काडी म्हणजे डोंगर," ते म्हणाले. "आता सांगा, माणसाने कुठे उभं राहायचं?" पोरं हसली. पण त्या दोन काड्यांत निम्मा अभ्यासक्रम होता, हे मला मागाहून समजलं.

मग मी पाटीवरचं वाक्य मराठीत सांगितलं: आगीला तीन गोष्टी लागतात. जळण, हवा आणि धग. चहा घेऊन आलेल्या शेजारच्या काकू दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "यात शिकवायचं ते काय, मास्तर? चुलीलाही हेच लागतंय की!" खरंच होतं ते. ज्या बाईने पावसाळ्यात ओल्या लाकडांवर स्वयंपाक केला आहे, तिला आगीचं शास्त्र शिकवणारे आपण कोण? आधी काटक्या, मग फाटी, मग ओंडका हा क्रम तिला ठाऊक असतो. फुंकणी कधी घालायची आणि लाकूड मागे ओढलं की जाळ कसा बसतो, हेही ठाऊक असतं. वणवा विझवण्याचे सगळे उपाय या तिन्हींपैकी एक काढून घेण्याचेच आहेत. पाणी मारलं की धग जाते. डहाळीने झोडपलं किंवा माती टाकली की हवा तुटते. पाचोळा ओढून जमीन उघडी केली, म्हणजेच जाळरेषा काढली, की जळण संपतं. आमच्या डोंगरावर मार्चमध्ये पाणी कुठलं? तेव्हा खरा भरवसा जाळरेषेवर. हेलिकॉप्टरने पाणी ओतून जाळ खाली बसतो, पण कडेची राख-निखारे माणसालाच पायी जाऊन विझवावे लागतात.

मात्र चूल एका जागी असते आणि वणवा चालतो. तो कुठे चालेल आणि किती वेगाने, हे पुन्हा तीन गोष्टी ठरवतात: जळण कसलं आहे, हवा कशी आहे आणि जमीन कशी आहे.

जळणाचं म्हणाल, तर जंगल पेटलं म्हणजे झाडं पेटली, असं आपल्याला वाटतं. आमच्या पानगळीच्या रानात बहुतेक वेळा झाड जळत नाही, त्याच्या पायाशी पडलेला पाचोळा आणि गवत जळतं. हा जमिनीवरून पळणारा वणवा. शेंड्याशेंड्यावरून जाणारा वणवा आपल्याकडे क्वचित. जळणाची जाडी फार महत्त्वाची. पेन्सिलीहून बारीक जे काही असेल, गवताची काडी, पान, बारीक काटकी, ते हवेच्या कोरडेपणाबरोबर तासाभरात सुकतं. मनगटाएवढ्या फांदीला सुकायला दिवस लागतात, आणि ओंडक्याला महिना-दीड महिना. म्हणून सकाळी दवात भिजलेलं गवत काडी लावली तरी नीट पेटत नाही आणि तेच दुपारी दोनला बारुदासारखं भडकतं. "सकाळी पाहून आलो, काही नव्हतं" या वाक्याला वणव्याच्या बाबतीत काही किंमत नाही. गवताची आग पळते, पण लवकर बसते. ओंडक्याची चालत नाही, पण दोन-दोन दिवस आत धुमसते. आणि या दोन्हींच्या मध्ये रानमोडी आणि घाणेरीच्या जाळ्या. त्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंच वाढतात, मार्चमध्ये वाळतात, आणि जमिनीवरच्या जाळाला शिडी लावून वर चढवतात.

दुसरी गोष्ट वारा. कानडीत वाऱ्याला 'गाळी' म्हणतात. वनपाल दर दहा मिनिटांनी "गाळी नोडी, गाळी नोडी" म्हणजे "वारा बघा" म्हणायचे. शिवीगाळीतली गाळी तेवढी ओळखणारी आमची पोरं एकमेकांकडे बघत बसायची. वारा आगीला हवा पुरवतो, ज्योतीला पुढे वाकवतो आणि पुढचं गवत आग पोचण्याआधीच तापवून ठेवतो. ठिणग्या उचलून नेतो तो वेगळाच. जाळरेषेपलीकडे पडलेली एक ठिणगी तुमच्या पाठीमागे दुसरी आग सुरू करते. डोंगराचा स्वतःचाही वारा असतो. दिवसा ऊन तापलं की हवा दरीतून वर चढते, रात्री गार झाली की खाली उतरते. त्यात आमच्याकडे आणखी एक पाहुणा. सकाळचा वारा देशाकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो आणि दुपार कलली की कोकणाकडून पश्चिमेचा गार वारा घाट चढून येतो. अंगणात बसलेल्याला तो अमृतासारखा. डोंगरावर आग विझवणाऱ्याला मात्र तो यायच्या आधी ठाऊक असायला हवा, कारण तो आला की आगीचं तोंडच फिरतं.

तिसरी गोष्ट उतार, आणि इथेच आमची गाडी अडली.

वनपाल पुन्हा पुन्हा सांगत होते, "मेले होगबेडी." कानडीत 'मेले' म्हणजे वर. आगीच्या वर जाऊ नका. आमच्या बेळगावकडचे कानडी लोक 'म्याल' म्हणतात, ते पोरांच्या कानांना सवयीचं. पण मलनाडी 'मेले' कानावर पडलं, आणि मागच्या बाकावरच्या एकाने घाबरून विचारलं, "कोण मेले, मास्तर?" सगळा वर्ग खो खो हसला. वनपालांना मी अर्थ सांगितला. ते हसले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "दोन्ही अर्थ बरोबर आहेत."

त्यांनी मग हिशेब मांडला. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वर चढायचा वेग साधारण दुप्पट होतो. वीस अंशांच्या चढावर चौपट, तीस अंशांवर आठपट. कारण काडीत पाहिलं तेच. चढावर ज्योत समोरच्या गवताला जवळजवळ चिकटते आणि धग वरच चढते. माणसाचं याच्या अगदी उलट. चढ वाढला की त्याचे पाय जड होतात, छाती भरते. म्हणजे ज्या रस्त्यावर आग सर्वांत वेगाने धावते, त्याच रस्त्यावर माणूस सर्वांत सावकाश धावतो. या शर्यतीत उतरायचंच नाही, हा पहिला धडा. त्यातही दोन डोंगरसोंडांमधली घळ सर्वांत वाईट. ती धुराड्यासारखी हवा वर ओढते. घळीतून चढणारी आग चालत नाही, उसळते.

११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात फिरायला गेलेली मंडळी वाळक्या गवताच्या उतारावर वणव्यात सापडली. एकूण २३ जणांचा जीव गेला. ती हौशी माणसं होती, असं म्हणून आपण स्वतःची समजूत घालू शकत नाही. १६ फेब्रुवारी २०२० ला केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या देशमंगलमजवळ वणवा विझवताना वनखात्याची तीन माणसं गेली. १३ जून २०२४ ला उत्तराखंडात बिनसरच्या अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार कर्मचारी त्याच दिवशी गेले. यांतल्या प्रत्येकाला घरी कोणीतरी म्हणालं असेल, "जपून रे."

'जपून' म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. ते त्या वर्गात सांगितलं गेलं. वणवा हे एखादं जनावर समजा. त्याला डोकं असतं, दोन कुशी असतात, शेपूट असतं. वाऱ्याच्या किंवा चढाच्या दिशेने धावतं ते डोकं. मागे रांगतं ते शेपूट. शूर माणसाला डोक्यासमोर उभं राहावंसं वाटतं. शहाण्या माणसाने शेपटाकडून सुरुवात करायची, आणि जळून गेलेल्या बाजूला पाय ठेवून एकेक कूस झोडपत, चिंचोळी करत पुढे जायचं. एक पाय नेहमी काळ्यात, म्हणजे जळून गार झालेल्या राखेत. जे एकदा जळलं ते पुन्हा जळत नाही. हिरवं दिसतं ते रान धोक्याचं आणि काळं दिसतं ते आसऱ्याचं, हे मनाला पटायला वेळ लागतो, पण जीव त्यावरच वाचतो.

अंगावर सुती कपडे, पायात बूट. नायलॉनचा शर्ट वितळून कातडीला चिकटतो. तोंडाला ओलं फडकं बांधलं तर राख अडते, विषारी वायू अडत नाही, म्हणून धुरात रेंगाळायचं नाही.

अमेरिकेत पॉल ग्लीसन नावाच्या अनुभवी वणवेकऱ्याने १९९१ मध्ये चार गोष्टींचा नेम सांगितला. मी तो चार शब्दांत बसवला: पहारा, निरोप, वाट, आसरा. आग आणि माणसं दोन्ही दिसतील अशा जागी एकाने फक्त बघत बसायचं, हा पहारा. त्याचा निरोप प्रत्येकापर्यंत पोचला पाहिजे. पळायची वाट आधी ठरलेली हवी, शक्यतो दोन. आणि ती वाट जिथे संपते तो आसरा खरोखर सुरक्षित हवा. वनपालांनी शेजारी कानडी लिहिलं: कावलु, सुद्दी, दारी, आसरे. चौथा शब्द दोन्हीकडे जवळजवळ एकच निघाला. पोरांनी तोच आधी पाठ केला.

निरोपावर मात्र आम्ही फार वेळ घालवला. कानडीत 'ओडी' म्हणजे पळा. मराठी पोराच्या कानाला ते 'ओढ' वाटतं. हातात डहाळी असलेला पोरगा पळायच्या ऐवजी डहाळी ओढत राहील. 'मेले'चा घोळ तर सांगितलाच. वर्गात हे विनोद आहेत. धूर, जाळाचा आवाज, धाप लागलेली छाती, अशा वेळी माणूस शब्दाचा अर्थ लावत बसत नाही. तो कानाला जे पहिलं वाटेल तेच करतो.

कोणी म्हणेल, हा आमच्यासारख्या दुभाषी मुलखाचाच त्रास. तसं नाही. ५ ऑगस्ट १९४९ ला अमेरिकेच्या मॉन्टाना राज्यात मॅन गल्च नावाच्या घळीत सोळा जण आगीपुढे गवताळ चढावरून पळत होते. त्यांचा नाईक वॅग डॉज याने मध्येच थांबून समोरचं गवत स्वतःच पेटवलं, ते जळून गेल्यावर त्या काळ्या जागेत शिरला आणि इतरांना हाका मारून आत बोलावू लागला. भाषा सगळ्यांची एकच होती. पण आगीपुढे उभं राहून आग लावणारा माणूस त्यांना समजलाच नाही. कोणी आत आलं नाही. दोघं कड्याच्या फटीतून पलीकडे निघाले म्हणून वाचले, डॉज राखेत पालथा पडून वाचला, आणि तेरा जण गेले. त्या घटनेने अमेरिकेत वणव्याचं शिक्षण बदललं. मी त्यातून एवढंच घेतलं की संकटात उच्चारलेला शब्द हा आधी ठरलेला असला तरच शब्द, नाहीतर तो नुसता आवाज. म्हणून आम्ही ठरवलं, धोक्याला शब्दच नको. तीन लांब शिट्ट्या. ऐकल्या की हातातलं टाकायचं आणि काळ्यात यायचं. विचारायचं नाही.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गावाशेजारच्या डोंगराच्या पश्चिम अंगाला, रस्त्याच्या कडेने आग लागली. वनखात्याची माणसं आणि आमची पोरं मिळून सतरा जण गेले. त्यांत माझ्या धाकट्या भावाचा मुलगाही होता. माझे गुडघे डोंगर चढायच्या लायकीचे नाहीत, म्हणून समोरच्या टेकाडावर पहाऱ्याला मला बसवलं. गळ्यात शाळेतली पी.टी.ची शिट्टी. दुपारभर पूर्वेचा वारा शिखरावरून खाली येत होता, त्यामुळे आग चढावर असूनही दबून होती. दोन्ही कुशी निम्म्याहून जास्त विझल्या. पोरांचा धीर चेपला. चौघं-पाच जण आगीच्या डोक्यावरून घळ ओलांडून पलीकडच्या तुकडीला मिळायच्या बेताने वर सरकू लागले. वनपाल खालून ओरडत असावेत, मला ऐकू येत नव्हतं. त्या पोरांनाही येत नसणार.

चारच्या सुमारास माझ्या पाठीला गार लागलं. घामेजलेला सदरा एकदम थंड झाला. मागे वळून पाहिलं तर टेकाडाखालचं गवत आमच्या दिशेने, पूर्वेकडे लवत येत होतं. मी पश्चिमेला बसलो होतो, म्हणून वारा आधी मला भेटला. त्यांच्यापर्यंत पोचायला त्याला दोन-तीन मिनिटं लागणार होती. मी तीन शिट्ट्या दिल्या. पुन्हा तीन. वर सरकणारी पाठमोरी डोकी थांबली, वळली आणि कुशीतून आत, राखेत शिरली. मग डोंगरावरचा धूर, जो इतका वेळ खाली लोळत होता, तो उभा राहिला आणि वर वाकला. घळीतून असा आवाज आला, जसा लोंढ्याच्या बोगद्यातून मालगाडीचा येतो. पाचेक मिनिटांत घळ तळापासून माथ्यापर्यंत पेटून गेली.

माथ्यावर जांभ्याचा उघडा सडा आहे. तिथे आगीला जळण मिळालं नाही आणि ती बसली. अंधार पडल्यावर वनपालांनी सगळ्यांना रस्त्यावर उभं करून मोजलं: ओंदु, एरडु, मूरु... हदिनेळु. सतरा. मग माझ्या पुतण्याने ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजलं, एक, दोन, तीन. सतराच. वनपालांनी विचारलं, "पुन्हा का मोजलंस?" तो म्हणाला, "तुमचं चुकलं नाही, साहेब. पण आमच्या भाषेत ऐकलं म्हणजे खात्री होते." त्या रात्री आमच्याकडे जेवताना कोणी फारसं बोललं नाही. भावजयीने पुतण्याच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी वाढली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं परत गेली. विझलेल्या वणव्याचं काम विझल्यावरच सुरू होतं. वठलेलं झाड, पोकळ ओंडका, सुकलेलं शेण, मुळाची खाच, या सगळ्यांत निखारा लपतो आणि दुपारच्या वाऱ्यावर पुन्हा जागा होतो. म्हणून हाताची पाठ राखेजवळ नेऊन ऊब लागते का ते पाहायचं. तळवा भाजला तर काम थांबतं, आणि पाठीची कातडी पातळ, तिला धग आधी कळते. पोरं डोंगराच्या अंगावर वाकून, तापल्या लेकराचं कपाळ बघावं तसा हात फिरवत होती.

आता तर उपग्रह आकाशातून आग हेरतो आणि भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाइलवर संदेश येतो. चांगलीच गोष्ट आहे. पण उपग्रहाला आग लावणारा हात दिसत नाही, आणि आपल्याकडे वणवा लागतो तो जवळजवळ नेहमी हातानेच. गवत चांगलं फुटावं म्हणून, काजूखालची जागा साफ व्हावी म्हणून, मधासाठी, शिकारीसाठी, नाहीतर विडीच्या थोटकाने. तो हात कधी मराठी बोलतो, कधी कानडी, कधी कोंकणी.

हा अंक हाती पडेल तेव्हा पाऊस सरून डोंगरावरचं गवत पिवळं पडू लागलेलं असेल. जाळरेषा काढायचे दिवस आता येतील. संक्रांतीनंतर उशीर झालेला असतो. तुमच्याही घरातला एखादा मुलगा फाल्गुनात डहाळी घेऊन निघेल. त्याला अडवू नका, रान सगळ्यांचं आहे. उंबरठ्यावर फक्त दोन प्रश्न विचारा. वारा कुठून आहे? आणि पळायचं कुठे? दोन्हींची उत्तरं त्याने न अडखळता दिली, मग ती कुठल्याही भाषेत असोत, तरच त्याला जाऊ द्या.